सत्कार न्यायमूर्तींचा आणि वकिलांचा: लॉ कॉलेजच्या नव्या समितीसाठी

माजी विद्यार्थी संघाच्या वार्षिक सभेत शेवटी कुणीतरी उठून म्हणतं, "आपल्या कॉलेजची एवढी मंडळी हायकोर्टात बसलीत, एकदा झक्कास सत्कार करू या." टाळ्या पडतात, आणि ज्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या त्यांचीच समिती होते. हे टिपण अशा टाळ्या वाजवून अडकलेल्यांसाठी.

सत्कार कसा करायचा हे मुंबईकराला शिकवावं लागत नाही. गणेशोत्सव मंडळ, पतपेढी, सोसायटीची पूजा, सगळीकडे शाल-श्रीफळ चालूच असतं. लॉ कॉलेजचा सत्कार मात्र वेगळा पडतो, आणि तो कशामुळे हे पहिल्या बैठकीतच समजून घेतलं तर पुढची निम्मी डोकेदुखी टळते. इंजिनिअरिंग कॉलेजने आपल्या इंजिनिअरांना नारळ दिला तर दुसऱ्या दिवशी कुणाचं काही अडत नाही. इथे शनिवारी ज्यांच्या खांद्यावर तुम्ही शाल घालता, सोमवारी सकाळी त्यांच्याच पुढ्यात उभं राहून तारीख मागता. सभागृहात बसलेल्या निम्म्या वकिलांचंही तेच. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारत राहा: सोमवारी त्या कोर्टात समोरच्या बाजूच्या वकिलाने या कार्यक्रमाचा फोटो पाहिला, तर त्याच्या मनात पाल चुकचुकेल का?

पायरी पहिली: निवड, आणि निवडणाऱ्यांवरची बंधनं

चार सत्कारमूर्ती पुरेत, फार तर पाच. आकडा याच्या वर गेला की सत्काराची हजेरी होते. सातव्या शालीला टाळ्यासुद्धा दमलेल्या असतात.

निवड समिती पाच जणांची करा आणि त्यात निदान दोघं प्रॅक्टिस न करणारे घ्या: एखादे निवृत्त प्राध्यापक, कंपनीच्या विधी विभागात असलेली एखादी माजी विद्यार्थिनी. मग पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात एक ठराव लिहून ठेवा. ज्या सभासदाने एखाद्या उमेदवाराच्या चेंबरमध्ये ज्युनिअर म्हणून काम केलं आहे, किंवा ज्याचं मॅटर त्या न्यायमूर्तींच्या बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) आहे, त्याने त्या नावाच्या चर्चेच्या वेळी बाहेर चहा प्यायला जायचं. स्वतःच्या प्रकरणात कुणी न्यायाधीश नसावा, हे आपण सगळेच पहिल्या वर्षी घोकलेलं असतं. ते इथे पाळलं नाही तर वकिलांच्या बार रूममध्ये कुजबुज व्हायला दोन दिवससुद्धा लागत नाहीत.

याच बैठकीत कॉलेजच्या कार्यालयाकडून एक माहिती लेखी मागवा: कॉलेजची किंवा ते चालवणाऱ्या संस्थेची कोणकोणती प्रकरणं सध्या कोर्टात आहेत, आणि कुणापुढे. प्रवेश, शुल्क, प्राध्यापकांच्या नेमणुका, जागेचा वाद. शिक्षणसंस्था म्हटलं की एखादी तरी याचिका असतेच. ती ज्या न्यायमूर्तींपुढे आहे त्यांचं नाव यंदा बाजूला ठेवायचं. त्यांना विचारायलाही जायचं नाही. प्रकरण निकाली निघाल्यावर, शक्य तर ते निवृत्त झाल्यावर, सावकाश विचारा.

आता खरा प्रश्न: कुणाचा सत्कार? यादीत पहिल्या फटक्यात न्यायमूर्तींची नावं येतात, मग टीव्हीवर दिसणाऱ्या वकिलांची. त्यांचा सत्कार जरूर व्हावा. पण मुंबईत कायद्याचं काम काही फक्त हायकोर्टाच्या दगडी इमारतीत चालत नाही. किल्ला कोर्टात आणि माझगावला जामिनाचे अर्ज लिहिण्यात उमर गेलेली माणसं आहेत. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात गिरगाव-परळच्या पागडीच्या खोल्यांचे दावे तीन-तीन पिढ्यांसाठी लढवलेले वकील आहेत. त्यांच्या अशिलाच्या आजोबांचा वकालतनामाही त्यांच्याच कपाटात सापडतो. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात, दिंडोशीच्या सत्र न्यायालयात, विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवर राहून फी न देऊ शकणाऱ्या आरोपींच्या बाजूने उभे राहणारे आहेत. मंत्रालयात विधी व न्याय विभागात बसून विधेयकांचे मसुदे करणारे आहेत, ज्यांचं नाव कुठेच छापलं जात नाही. मुंबईच्या लॉ कॉलेजांतून बँकेत, एलआयसीत, महापालिकेत नोकरी करता करता सकाळचे वर्ग उरकून वकील झालेली एक अख्खी पिढी आहे. माझं मत विचाराल तर पाचात किमान दोन नावं अशी हवीत. न्यायमूर्तींनाही ते आवडतं असा अनुभव आहे, कारण त्यांच्यापैकी बरेच जण याच कोर्टांतून वर गेलेले असतात.

नामांकनाचा अर्ज एका पानाचा ठेवा. त्यात 'प्राप्त पुरस्कार' हा रकाना नसला तरी चालेल. 'कोणती तीन कामं सांगाल?' हा रकाना हवाच.

आणि कृपा करून पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला 'जीवनगौरव' देऊ नका. मुंबईत हा शब्द इतका स्वस्त झालाय की काही जणांना तो दोनदा मिळालाय.

पायरी दुसरी: खातरजमा

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून ते सगळ्यांत तरुण सभासदावर ढकललं जातं. ढकला, पण काय तपासायचं ते सांगून.

पहिलं म्हणजे ती व्यक्ती आपली विद्यार्थी होती का? पदवी मुंबई विद्यापीठाची असते, कॉलेज वेगळं. पहिलं वर्ष एका कॉलेजात, तिसरं दुसऱ्यात, असं पूर्वी सर्रास व्हायचं, आणि मग एकाच नावावर दोन-तीन कॉलेजं हक्क सांगतात. कॉलेजच्या जुन्या प्रवेश नोंदवह्या काढा. धूळ खाल्ल्याशिवाय हे काम होत नाही. शिवाय कॉलेजच्या दर्शनी भिंतीवरच्या गौरवयादीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. अशा याद्यांत शिकलेले आणि शिकवलेले यांची हमखास सरमिसळ असते. चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय घ्या, १८५५ सालचं. लोकमान्य टिळक या परंपरेतले विद्यार्थी. त्यांनी १८७९ साली एलएल. बी. केलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मात्र तिथे आधी प्राध्यापक आणि १९३५ पासून प्राचार्य होते. बॅरिस्टर झाले ते लंडनच्या ग्रेज इनमधून. एम. सी. छागला यांनीही तिथे शिकवलं, पण त्यांचं शिक्षण ऑक्सफर्डचं. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजचे विद्यार्थी, पुढे चर्चगेटला अर्धवेळ प्राध्यापक. तुमच्या सूत्रसंचालकाने प्रास्ताविकात "आमचे माजी विद्यार्थी डॉ. आंबेडकर" म्हटलं, तर पहिल्या रांगेतले चार चेहरे लगेच एकमेकांकडे वळतील.

दुसरं, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणीचा क्रमांक आणि साल असतं. 'पन्नास वर्षांची प्रॅक्टिस' असं छापण्याआधी ते साल बघा. पदवी आणि सनद यांच्यामध्ये लोकांची दहा-बारा वर्षं नोकरीत गेलेली असतात.

तिसरं, पदांची नावं. वर्तमानपत्रं प्रत्येक पिकल्या केसांच्या वकिलाला 'ज्येष्ठ विधिज्ञ' म्हणतात, पण सिनिअर अॅडव्होकेट हे पद १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम १६ खाली सर्वोच्च किंवा उच्च न्यायालय देतं. ज्यांना ते दिलेलं नाही त्यांना मानपत्रात ते बहाल करणं म्हणजे त्यांनाच अडचणीत आणणं. मुंबईत आणखी एक गोची आहे: इथे सॉलिसिटर (प्रकरणाची कागदपत्रं, म्हणजे ब्रीफ, तयार करणारे) आणि काऊन्सेल (कोर्टात युक्तिवाद करणारे) असा भेद अजून जिवंत आहे. सॉलिसिटरची परीक्षा वेगळी, कामाची रीत वेगळी. आयुष्यभर सॉलिसिटर म्हणून ब्रीफ तयार केलेल्या बाईंना 'गाजलेल्या युक्तिवादांच्या धनी' म्हटलं तर त्या हसतील, पण मनात खट्टू होतील.

चौथं, गाजलेले खटले. 'अमुक ऐतिहासिक खटल्यात सहभाग' असं कळवलेलं असेल तर छापील निकाल उघडा. निकालाच्या सुरुवातीलाच कोण कुणातर्फे उभं होतं ती नावं असतात. नाव सापडलं तर ते कोणत्या बाजूला होतं तेही टिपून घ्या. नाव सापडलं नाही म्हणून लगेच खोटं धरू नका; ज्युनिअरने रात्र रात्र जागून काढलेले मुद्दे सिनिअरच्या नावाखाली जातात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. त्या व्यक्तीला फोन करून नेमकं काय काम केलं ते विचारा आणि तेवढंच लिहा.

पायरी तिसरी: विचारणं

वकिलांना फोन करा, भेटा, मग पत्र द्या. इथे फार काही सांगण्यासारखं नाही. फक्त बोर्ड चालू असताना कॉरिडॉरमध्ये गाठू नका.

पदावर असलेल्या न्यायमूर्तींच्या बाबतीत रीत पाळावी लागते. त्यांच्या खासगी सचिवांकडे वेळ मागायची, संघाच्या पत्रावर रीतसर विनंती द्यायची आणि दोघांनीच जायचं. आठ जणांचं शिष्टमंडळ नेलं की त्यातल्या सहा जणांना फक्त चेहरा दाखवायचा असतो, आणि न्यायमूर्तींना ते तुमच्याआधी कळतं. "मी त्यांना चांगला ओळखतो, मी परस्पर बोलतो" असं म्हणणाऱ्या सभासदाला प्रेमाने थांबवा.

पत्र एका पानाचं. त्यात तारीख, वेळ, जागा; व्यासपीठावर आणखी कोण कोण; सत्कारमूर्ती कसे निवडले; खर्च कोण करतंय; पत्रकार आणि कॅमेरे असतील का; आणि त्यांच्याकडून किती मिनिटांच्या भाषणाची अपेक्षा आहे. खर्चाची ओळ वगळू नका. न्यायमूर्ती नेमकी तीच ओळ शोधत असतात.

कारण सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली न्यायाधीशांच्या आचरणाविषयी काही मूल्यं ठरावाने स्वीकारली आहेत. कुटुंबीय, जवळचे नातलग आणि मित्र सोडून कुणाकडूनही भेटवस्तू किंवा पाहुणचार घ्यायचा नाही. बारमधल्या (वकीलवर्गातल्या) एकेकट्या सभासदांशी, विशेषतः त्याच कोर्टात काम करणाऱ्यांशी, फार जवळीक ठेवायची नाही. कुठल्याही निधीसंकलनाशी स्वतःला जोडायचं नाही. राजकीय विषयांवर किंवा कोर्टापुढे येऊ शकणाऱ्या गोष्टींवर जाहीरपणे मत द्यायचं नाही. ही चार वाक्यं समितीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पिन करून ठेवा.

जिल्हा आणि सत्र न्यायालयांतले न्यायाधीश असतील तर त्यांना कुणाची परवानगी घ्यावी लागणार आहे का, हे त्यांनाच विचारा आणि त्यासाठी पुरेसा वेळ राहील इतक्या आधी पत्र द्या. आणि कुणीही नाही म्हटलं तर कारण विचारू नका. नकाराची बातमी समितीबाहेर जाऊ देऊ नका. नाहीतर त्या जागी आलेल्या सत्कारमूर्तींना आपण दुसऱ्या पसंतीचे होतो हे कळायला वेळ लागत नाही.

पायरी चौथी: तारीख आणि जागा

शनिवार संध्याकाळ. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, आणि डोंबिवली-पनवेलहून येणारे तुमचे माजी विद्यार्थी दीपप्रज्वलनाऐवजी आभारप्रदर्शनाला पोचतात. मे महिन्याचा उत्तरार्ध आणि जूनची सुरुवात ही हायकोर्टाची उन्हाळी सुट्टी. तेव्हा सगळे गावी किंवा परदेशी. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीचंही तेच. हायकोर्टाची सुट्ट्यांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच निघते, ती समोर ठेवूनच तारीख काढा. विद्यापीठाच्या परीक्षांचं वेळापत्रकही बघा, कारण विद्यार्थी आलेच नाहीत तर हा कार्यक्रम वकिलांचं स्नेहसंमेलन होतो. जुलै-ऑगस्ट टाळा, मोठी भरती आणि पाऊस एका दिवशी आले तर काय होतं ते मुंबईकराला माहीत आहे. हायकोर्ट जिथे जिथे बसतं त्या नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा किंवा आता कोल्हापूरहून कुणी यायचं असेल तर शुक्रवारचं कोर्ट आटोपून त्यांना निघता येईल असा विचार करा.

जागा शक्यतो कॉलेजचाच हॉल. यशवंतराव चव्हाण सेंटर झकपक आहे, रवींद्र नाट्य मंदिरात आवाज छान लागतो, पण ज्या बाकावर बसून माणसाने ऐनवेळी नोट्स चाळल्या त्या इमारतीत परत बोलावण्याची मजा तिथे नाही. हॉल लहान असेल तर लोक थोडे कमी बोलवा. लिफ्ट चालू आहे ना, आणि जिना चढू न शकणाऱ्या पाहुण्यांना व्यासपीठावर कसं नेणार, एवढं आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. न्यायमूर्तींच्या गाड्यांसाठी आणि सुरक्षेसाठी स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवा.

पायरी पाचवी: पैसे

सगळ्यांत जास्त घसरगुंडी इथेच.

बैठकीत कुणीतरी सुचवतं, स्मरणिका काढू या, जाहिरातींतून खर्च निघेल. मग पहिल्या पानावर बिल्डर, मागच्या मुखपृष्ठावर दुसरा बिल्डर, मध्ये एक सहकारी बँक. मुंबईत पुनर्विकासाचा वाद नसलेला बिल्डर शोधून दाखवा. ज्याची याचिका ज्या न्यायमूर्तींपुढे आहे, त्याच्याच पैशाने छापलेल्या स्मरणिकेत त्यांचा पानभर फोटो. लेखाच्या सुरुवातीला दिलेला प्रश्न इथे विचारून बघा.

मग कुणी म्हणतं, बरं, वकिलांच्याच शुभेच्छा-जाहिराती घेऊ. तेही नको. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला छत्तिसावा नियम वकिलाला जाहिरात करू देत नाही, सरळही नाही आणि आडवळणानेही नाही. नावाच्या पाटीवरसुद्धा आपण कुठल्या संघटनेचे पदाधिकारी आहोत, आधी न्यायाधीश होतो किंवा अमुक प्रकारच्या कामात तज्ज्ञ आहोत, असं लिहायला तो मनाई करतो. 'हार्दिक अभिनंदन' खाली नाव, फोटो, मोबाईल नंबर आणि 'फौजदारी व कौटुंबिक प्रकरणांचे तज्ज्ञ' असं छापलेलं अर्धं पान या नियमात कुठे बसतं ते तुम्हीच सांगा. हाच नियम नाक्यावरच्या फ्लेक्सला लागू. फ्लेक्सची तर वेगळीच गंमत आहे: बेकायदा होर्डिंग काढण्याचे आदेश हायकोर्ट वर्षानुवर्षं देत आलंय, २०१७ सालचा सविस्तर निकाल आहे, आणि हायकोर्टाच्याच न्यायमूर्तींच्या स्वागताचा बिनपरवानगी फ्लेक्स लॉ कॉलेजच्या फाटकाबाहेर लागतो. फाटकाच्या आत एक कापडी फलक पुरे.

मग पैसे आणायचे कुठून? सभासदांकडून ठराविक, सगळ्यांना सारखी आणि परवडेल अशी वर्गणी; एका माणसाने फार देऊ नये अशी वरची मर्यादा; सगळं बँकेतून, पावतीसह. देणगीच्या आवाहनात पदावर असलेल्या न्यायमूर्तींचं नाव किंवा फोटो वापरू नका. संघ नोंदणीकृत असेल तर हिशेब लेखापरीक्षणात येणारच. नसेल तर या निमित्ताने नोंदणी करून टाका. नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या) मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र जागा आहे, त्यामुळे प्राचार्य या कामात उत्साहाने मदत करतील.

एवढ्या पैशांत थाटमाट होत नाही, हे खरं. चहा, बटाटेवडा आणि एक गोड. कुणाचं काही बिघडत नाही.

पायरी सहावी: मानपत्र

शाल कपाटात जाते, नारळाची चटणी होते. घरी भिंतीवर राहतं ते मानपत्र, आणि नेमकं तेच आदल्या रात्री अकरा वाजता लिहिलं जातं. निदान तीन आठवडे आधी लिहायला घ्या.

बहुतेक मानपत्रं अशी असतात: 'आपल्या प्रगल्भ बुद्धिमत्तेने, अमोघ वक्तृत्वाने व निःस्पृह वृत्तीने आपण विधी क्षेत्रात मानाचे स्थान प्राप्त केले असून...' नाव बदललं तर हे शेजारच्या सत्कारमूर्तींनाही चालेल, आणि दातांच्या डॉक्टरांनाही. आता समजा सत्कारमूर्ती एक निवृत्त सरकारी वकील आहेत. त्यांच्याशी तासभर बोलून कुणी असं लिहिलं:

'आपण एकतीस वर्षे सत्र न्यायालयात सरकार पक्षातर्फे खटले चालवले. साक्षीदार फितूर होण्याच्या काळात आपण प्रत्येक साक्षीदाराला साक्षीच्या आदल्या दिवशी भेटून कोर्टाची खोली दाखवत असा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तो बिचकणार नाही. पुरावा पुरेसा नाही असे वाटले तेव्हा तसे लेखी कळवण्याचे धैर्य आपण दाखवले, आणि त्यासाठी झालेली बदली तक्रार न करता स्वीकारली.'

यात 'निःस्पृह' हा शब्द नाही. सभागृहात मात्र तो माणूस ओळखणारे सगळे माना डोलावतील. लांबी एवढीच ठेवा की मोठ्याने वाचायला दीड-दोन मिनिटं लागतील. वाचून दाखवणारा सूत्रसंचालक आधी दोनदा तालीम करेल असं बघा.

दुसऱ्याचं मोठेपण दगडात कसं कोरावं याचा एक नमुना मुंबईतच आहे. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली ती याच हायकोर्टात. १९५६ साली त्याच दालनाबाहेर संगमरवरी शिळा बसवली गेली, आणि तिचं अनावरण मुख्य न्यायमूर्ती छागलांनी केलं. त्या शिळेवर आहेत ज्युरीच्या निर्णयानंतर टिळकांनी कोर्टात काढलेले उद्गार. मानपत्र लिहायला बसलेल्याने एकदा जाऊन ते वाचून यावं. सत्कारमूर्तींचं स्वतःचं एखादं वाक्य, एखाद्या निकालातली ओळ, त्यांच्या संमतीने मानपत्रात आली तर तुमची चार विशेषणं वाचतात.

दोन पथ्यं. चालू असलेल्या, न्यायप्रविष्ट प्रकरणाचा उल्लेख मानपत्रात नको. आणि न्यायमूर्तींच्या मानपत्रात 'आपल्या निकालांमुळे अमुक वर्गाला न्याय मिळाला' असं लिहिण्याआधी दहादा विचार करा. त्या निकालात हरलेलाही कुणीतरी सभागृहात असू शकतो. कोर्टात ज्युनिअरशी कसे वागतात, निकालपत्राची भाषा किती सोपी असते, प्रशासकीय काम काय केलं, यावर भरपूर लिहिता येतं.

छपाईचं: मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असतो, छापखान्यात श्री-लिपी हा जुना फॉन्ट असतो, आणि एका फॉन्टमधून दुसऱ्यात जाताना रफार व जोडाक्षरं सैरभैर होतात. 'न्यायमूर्ती'तला रफार पुढच्या अक्षरावर सरकलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. प्रूफ मोबाईलवर बघू नका, कागदावर काढून बघा आणि नाव, आडनाव, साल हे तिघा वेगवेगळ्या माणसांनी वाचा. नाव व्यवसायात वापरतात तसंच; लग्नाआधीच्या नावाने वकिली करणाऱ्या बाईंना कॉलेजच्या कुणीतरी परस्पर नवऱ्याचं आडनाव लावलं, तर त्या तुम्हाला कधी माफ करणार नाहीत. फ्रेम काचेची नको. वजन होतं आणि लोकलमधून नेताना फुटते.

पायरी सातवी: प्रत्यक्ष दिवस

व्यासपीठावरची बसण्याची व्यवस्था राजशिष्टाचाराप्रमाणे: न्यायमूर्तींची ज्येष्ठता वयावर नसते, पदाची शपथ कधी घेतली यावर असते. शंका असेल तर त्यांच्या कार्यालयाला विचारा. सत्काराचा क्रम मात्र कॉलेजातून उत्तीर्ण झाल्याच्या वर्षाप्रमाणे ठेवा. १९७४ सालच्या लघुवाद न्यायालयातल्या वकिलांना आधी, १९८८ सालच्या न्यायमूर्तींना नंतर. इथे सगळे एकाच कॉलेजचे विद्यार्थी म्हणून आलेत. हे न्यायमूर्तींच्या कार्यालयाला आधी कळवा. हरकत घेतलेली मी तरी पाहिली नाही.

भेट सगळ्यांना एकसारखी आणि साधी: सुती शाल, नारळ, मानपत्र. चांदीची गणपतीची मूर्ती, घड्याळ, पेनांचा संच, पाकीट, काही नको. फुलं दादरच्या बाजारातून सकाळी आणली की स्वस्त आणि ताजी. पण पुष्पगुच्छ देणार असाल तर एक दृश्य डोळ्यांसमोर आणा: सत्कारमूर्तींच्या एका हातात नारळ, दुसऱ्यात गुच्छ, काखेत मानपत्र, खांद्यावरून घसरणारी शाल, आणि फोटोग्राफर ओरडतोय, "सर, जरा इकडे बघा." प्रत्येक सत्कारमूर्तींमागे एक विद्यार्थी उभा ठेवा. फोटो झाला की त्याने वस्तू काढून घ्यायच्या आणि नावाच्या पिशवीत घालून गाडीपर्यंत पोचवायच्या.

शाल कुणाच्या हस्ते? कॉलेजात शिकवलेले एखादे वयस्कर प्राध्यापक हयात असतील तर त्यांच्याच. प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाने पदावरच्या न्यायमूर्तींना शाल घातल्याचा फोटो दुसऱ्या दिवशी त्या वकिलाच्या प्रोफाइलवर झळकतो, आणि सगळं मुसळ केरात जातं. सेल्फीचंही तेच. सुरुवातीलाच सूत्रसंचालकाने हसत सांगून टाकावं की फोटो संघ काढेल आणि सगळ्यांना एकत्रच मिळतील.

भाषणं: प्रास्ताविक पाच मिनिटं, सत्कारमूर्ती प्रत्येकी सात-आठ, अध्यक्षीय दहा. आभार तीन, आभाराच्या यादीत ध्वनिव्यवस्थेवाल्याचं नाव घ्या, नगरसेवकाचं घेतलंच पाहिजे असं नाही. सूत्रसंचालकाने शेरोशायरी आवरावी. "माय लॉर्ड, आज आम्ही तारीख मागणार नाही" हा विनोद प्रत्येक कार्यक्रमात होतो आणि दर वेळी फक्त सांगणारा हसतो. वक्त्यांना आधीच कळवा: कोर्टात चालू असलेल्या प्रकरणांवर बोलायचं नाही. पत्रकारांनाही कळवा की न्यायमूर्ती प्रश्नोत्तरं करणार नाहीत.

जमलं तर मुख्य कार्यक्रमाच्या आधी तासभर वकील सत्कारमूर्तींना तिसऱ्या आणि पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर एका वर्गात बसवा. माईक नाही, पदाधिकारी नाहीत. पहिली सनद घेतल्यावर घरभाडं कसं भागवलं, पहिला उलटतपास कसा फसला, हे प्रश्न तिथेच विचारले जातात. पोरांना कार्यक्रमातलं बहुधा एवढंच लक्षात राहतं.

पायरी आठवी: नंतरची आठवडाभराची कामं

सत्कारमूर्तींना आभाराचं पत्र आणि निवडक पाच-सहा फोटो. तीनशे फोटोंची लिंक नको. मानपत्रांच्या प्रती, निवड समितीची इतिवृत्तं आणि तपासलेले पुरावे एका फायलीत घालून ग्रंथालयात द्या, म्हणजे पुढच्या समितीला नोंदवह्यांची धूळ पुन्हा खावी लागणार नाही. मरणोत्तर गौरव केला असेल तर घरच्यांकडून त्या व्यक्तीचे जुने कागद, फोटो, हस्तलिखित टाचणं कॉलेजला ठेवायला मिळतील का, हे याच आठवड्यात विचारा. जमाखर्च लिहून पंधरा दिवसांत सभासदांना पाठवा, उरलेली रक्कम पुस्तकपेढीत टाका. आणि ज्यांचं नामांकन आलं पण निवड झाली नाही त्यांची यादी कुलपात ठेवा, पुढच्या वर्षी तिथूनच सुरुवात करायची आहे.